झाओतोंबोचा ताप

जहाजाच्या दिवशी अंपासिमेना गावात कोंबड्याच्या आधी बायका उठतात. वाट झाडायची, दोऱ्या ताणायच्या, दोऱ्यांवर भरतकामाची कापडं टांगायची, सुगंधी लाकूड दगडावर उगाळून एकमेकींच्या गालांवर पांढरी फुलं काढायची, आणि हे सगळं खाडीच्या तोंडाशी जहाजाचा तो पांढरा डोंगर दिसायच्या आत उरकायचं. त्या दिवशी ओनोरीनही उठली. तळाला लागलेल्या भाताच्या खरपुडीचं पाणी उकळून तिनं वडिलांचा वाडगा भरला, आत नेला आणि त्यांना उठवायला पायाला हात लावला. पाय गार होते. म्हाताऱ्या झाओतोंबोनं जायलाही जहाजाचाच दिवस निवडला होता.

तिला रडायची सोय नव्हती. आमच्या बेटावर माणूस गेला म्हणून लगेच गेला असं होत नाही. शंख वाजेपर्यंत तो फक्त तापानं पडलेला असतो. घरचे तसंच सांगतात आणि ऐकणारे सगळं समजून तसंच ऐकतात. मग शंखाचा एकच लांब सूर गावावरून जातो. दारात पहिला येणारा विचारतो, ताप कसा आहे? घरच्यांनी म्हणायचं, उतरला. त्यानंतर रडायचं, हवं तेवढं. आधी पडलेल्या आसवांनी मेलेल्याच्या वाटेवर चिखल होतो आणि त्याचा पाय रुततो, असं म्हणतात. आणि शंख वाजला की गावात सगळं थांबतं. सुई नाही, जाळं नाही, ढोल नाही, विक्री नाही, दोरीवर कापड नाही, गालावर फूल नाही. माती पडेपर्यंत हे असंच.

शंख कधी वाजवायचा हे घरच्यांनी ठरवायचं असतं. ओनोरीनच्या घरी ठरवायला ओनोरीनशिवाय कोणी नव्हतं. आई लहानपणीच गेली, नवरा मोठ्या बेटावर दुसरीचा संसार सांभाळत होता, मुली लग्न होऊन दूर गेल्या होत्या. खाली वाडगा ठेवून ती वडिलांच्या उशाशी बसली. खुंटीवर शंख होता. पिढ्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेला, टोकाशी फुंकायचं भोक पाडलेला.

गंमत अशी की अख्ख्या गावाचा ताप उतरवणारा माणूस हा झाओतोंबोच. कोणाच्याही घरी काही झालं की त्यालाच शंख वाजवायला बोलावणं यायचं, आणि तो हातातला घास टाकून धावायचा. उशीर करायचा नसतो, म्हणायचा. "शंखावाचून माणूस उंबऱ्यावर उभा राहतो गं. घरातले त्याच्याशी बोलत नाहीत आणि पलीकडचे त्याला घेत नाहीत. केवढं अवघडल्यासारखं होत असेल त्याला." हे त्यानं इतक्यांदा सांगितलं होतं की ओनोरीनला आत्ताही उंबऱ्याकडे बघवेना.

मग पाहुण्यांची जहाजं यायला लागली आणि शंखालाही नोकरी लागली. मोठ्या बेटावरून जहाजाचा माणूस आर्सेन आला आणि म्हणाला की पाहुण्यांना नाच आवडतो, लेमूर आवडतात, पण सुरुवात जरा दमदार हवी. त्याची नजर खुंटीवर गेली. ओनोरीननं तेव्हा वडिलांशी कडाक्याचं भांडण केलं होतं. म्हातारा हसला होता. दोन तुटक फुंकरी म्हणजे या, एक लांब सूर म्हणजे जा, शंखाला तेवढं कळतं, म्हणाला होता. गावातल्या पोरांनी दोन तुटक फुंकरी चटकन उचलल्या. लांब सूर मात्र कोणी शिकलं नाही. तो पोटातून काढावा लागतो, आणि पोरांना सगळं गालातून काढायची सवय.

जहाजांना नावं ठेवणं सोपं आहे, आणि ओनोरीननं ती पुष्कळ ठेवली होती. डोंगरावरच्या भाताच्या खाचरांत आता रान माजलंय. केळी खाऊन लेमूर इतके सुटलेत की झाडावर चढताना धापा टाकतात. म्हाताऱ्यांनी त्या दिवशी पुळणीवर बसायचं नाही, पोरांनी शाळेत जायचं नाही, वाळूत मासे वाळत घालायचे नाहीत, वास येतो. पण त्याच जहाजांनी बायकांच्या हातात पहिल्यांदा स्वतःचे पैसे दिले, हेही तिला ठाऊक होतं. मागच्या चक्रीवादळानं निम्म्या गावाची छपरं उडवून समुद्रात टाकली, तेव्हापासून सगळी बाईमाणसं ताडपत्रीखाली बसून सुया चालवत होती. हंगाम सुरू झाला तरी लाटांमुळे जहाजं बाहेरच्या बाहेर निघून गेली. आजचं पहिलंच थांबणार होतं. आणि आर्सेननं बजावलं होतं की पलीकडच्या बेटावरचे लोक टपून बसलेत, इथे काही बिनसलं तर पुढच्या वेळी जहाज तिकडे लागेल.

ती उठून साइदीकडे गेली. साइदी म्हणजे गावातला सगळ्यात जुना माणूस आणि झाओतोंबोचा जन्माचा सोबती. दोघं एकाच होडीत वाढले आणि सोंगट्यांवरून रोज भांडले. ओनोरीन म्हणाली, बाबांना ताप आहे. साइदीनं तोंड उघडून तिला आपल्या बोळक्या हिरड्या दाखवल्या.

"वारा निसटतो बघ इथून," तो म्हणाला. "पण मी फुंकीन, जमेल तसा. केव्हा ते तू सांग."

"आत्ता फुंकलात तर?"

"तर आत्ता वाजेल. कोणी तुला एक शब्द बोलणार नाही."

तेच तर अवघड होतं. कोणी बोललं असतं, भांडलं असतं, तर ती ताठ उभी राहून म्हणाली असती की बाप माझा आहे, आत्ताच वाजवा. पण बाहेर पुळणीवर बायका गालांवर फुलं काढता काढता हसत होत्या, आणि दोऱ्या चढत होत्या. जहाज जाईपर्यंत थांबू, असं ती म्हणाली. साइदीनं मान हलवली आणि दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

घरी फेलिसिते उभी होती. ही बायकांच्या मंडळाची पुढारी, नाचात ढोल वाजवणारी, आणि लहानपणापासून ओनोरीनची मैत्रीण. मैत्रीण म्हणजे महिन्यातून एकदा अबोला आणि एरवी गळ्यात गळा. तिच्या गालांवर, कपाळावर मसोंझोआनीची, म्हणजे त्या उगाळलेल्या लाकडाची, फुलं इतकी सुरेख उमटली होती की बघत राहावं. शंख कार्यक्रमात घ्यायला गावातून पहिला होकार तिनंच दिला होता, आणि ओनोरीन तिला ते अधूनमधून ऐकवायची.

"बाबा कसे आहेत?" फेलिसितेनं विचारलं.

"ताप आहे."

फेलिसितेनं आत डोकावून भरलेला वाडगा पाहिला. न हललेलं पांघरूण पाहिलं. वादळात गावातलं पहिलं छप्पर तिचंच गेलं होतं, आणि सबंध पावसाळा तिनं चार पोरांना ताडपत्रीखाली निजवलं होतं. ती हळूच म्हणाली, "मी आर्सेनला निरोप धाडते. जहाज नको म्हणून सांगते. धाडू?"

"ताप आहे म्हटलं ना," ओनोरीन म्हणाली. "जा, ढोल ताण तुझा. आणि फुलं पुसू देऊ नकोस, एरवी बघवत नाही तुझं तोंड."

फेलिसिते हसली नाही. जाताना तिनं ओनोरीनचा खांदा जरा जास्तच घट्ट दाबला.

एका घराला कळलं की आमच्याकडे सगळ्यांना कळतं. सकाळभर माणसं येत राहिली. एकीनं तापावरचा पाला आणला आणि तो कसा उकळायचा ते पुन्हा पुन्हा समजावलं. एका मच्छीमारानं चांगला जाडजूड मासा दारात ठेवला, उद्या तोंडाला चव आली की खातील म्हणाला. एक म्हातारी तर दटावून गेली की त्यांना वाऱ्यावर बसू देऊ नकोस, झाओतोंबो ऐकत नाही कोणाचं. ओनोरीन प्रत्येकाला हो म्हणत होती. झाकली मूठ सगळं गाव मिळून धरून होतं. तिला वाटत होतं की आता कोणी आणखी एक पान जरी आणलं तरी आपला बांध फुटेल.

निघताना तिला शंख आठवला. जहाज लागलं की नाचणारी पोरं सवयीनं घरात शिरून तो खुंटीवरून काढून न्यायची, आणि आज त्यातून साधी तुटक फुंकर आली असती तरी चाललं नसतं. घरात मेलेलं माणूस असताना शंख वाजला की वाजला. तो कोणी, कसा, कशासाठी वाजवला याला अर्थ नाही. म्हणून तिनं तो एका कापडात गुंडाळला आणि वडिलांच्या पांघरुणाची घडी सारखी केली. त्यांना मनात म्हणाली, उभे राहा जरा, संध्याकाळपर्यंतच. गुंडाळलेला शंख तिनं सोबत नेला आणि आपल्या मांडवात, विकायच्या कापडांच्या ढिगाच्या अगदी तळाशी ठेवला. तिथून तो कोणाला सापडेल असं तिला वाटलं नाही. ढीग उपसायलाच गिऱ्हाइकं येतात, हे शोकात तिच्या ध्यानातच आलं नाही.

जहाज लागलं. छोट्या नावांतून टोप्या, काठ्या, कॅमेरे उतरू लागले. आर्सेननं मांडवाशी येऊन शंख मागितला. फेलिसिते मध्ये पडली आणि म्हणाली की वाजवणाऱ्याला ताप आहे.

"आजच?" आर्सेन वैतागला. "छापलंय कार्यक्रमात. पोरांपैकी कोणीतरी वाजवा."

"माणसाला ताप आहे, आर्सेन."

आर्सेन शहरी बुटांतला माणूस होता, पण आई याच पाण्याकडची. त्यानं फेलिसितेकडे पाहिलं, मग ओनोरीनकडे. त्याचा आवाज उतरला. बरं, ढोलानं सुरू करा, म्हणाला, आणि पाहुण्यांकडे वळून काहीतरी गोड बोलला. गाव कामाला लागलं.

आणि काय लागलं म्हणून सांगू. पोरी नाचल्या, फेलिसितेचा ढोल घुमला, लेमूर लोकांच्या खांद्यांवर बसले. प्रत्येक बाई हसत होती आणि हसता हसता ओनोरीनच्या मांडवाकडे एकदा बघत होती. ओनोरीनही हसत होती. कापडं उलगडून दाखवत होती, त्यांवरच्या होड्या आणि कासवं बोटानं दाखवत होती. मान वळली की तिला आपलं दार दिसायचं आणि दारात उभा असलेला म्हातारा दिसायचा, संकोचलेला, पाहुण्यांच्या गर्दीत ओळखीचं कोणी नसावं तसा. असल्या हसण्यानं गाल दुखतात. तिचे दुखत होते.

एक म्हातारं जोडपं मांडवात आलं. कुठल्यातरी थंड देशाचं असावं, उन्हानं लालबुंद झालेलं. बाईला सगळ्यात मोठं कापड आवडलं, जे ओनोरीननं वादळानंतरचे सगळे महिने बसून भरलं होतं. तसलंच आणखी आहे का म्हणून तिनं खुणेनं विचारलं. तेवढ्यात बाजूच्या दोरीवरचं कापड वाऱ्यानं सुटलं आणि ओनोरीन ते धरायला वळली. बाईनं स्वतःच ढीग उचलून बघायला सुरुवात केली. तळाशी काहीतरी जड हाताला लागलं. नवऱ्यानं त्याच्यावरचं कापड सोडलं आणि त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. तरुणपणी तो आपल्या गावच्या वाद्यपथकात पितळी शिंग वाजवायचा, हे आर्सेननं नंतर सांगितलं. त्यानं शंख फिरवून पाहिला, भोक शोधलं, ओठ ठेवले, आणि छाती भरून घेतली.

ओनोरीननं वळून पाहिलं तोवर सूर निघाला होता.

तो तुटक नव्हता, फाटका नव्हता. पोटातून निघालेला एकच लांब सूर, आधी खालचा आणि मग भरत गेलेला. तो मांडवांवरून गेला, खाचरांवरून गेला, डोंगराला लागून परत आला. झाओतोंबोशिवाय इतका सरळ सूर त्या गावात कोणी काढला नव्हता. म्हाताऱ्या पाहुण्यानं शंख खाली घेतला आणि बायकोकडे बघून कौतुकानं हसला. काही पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

ढोल थांबला. नाचणाऱ्या पोरींचे हात जिथल्या तिथे राहिले. सगळं गाव ओनोरीनकडे बघत होतं, कारण आता एवढंच उरलं होतं. ती हसून म्हणाली असती की खेळणं आहे, परक्यानं फुंकलं, चालू द्या, तर गाव ते मानायला तयार होतं. शोकात सोडतात तसे तिनं केस सोडले असते तर दिवस तिथेच संपला असता. तिला ताडपत्र्या दिसल्या. दोऱ्यांवरची कापडं दिसली, त्यातली फारच थोडी खाली आली होती. पाहुणे अजून निम्मे वाटेवरच होते. बाबा म्हणत, वाजला की वाजला. पण बाबांना पोरांच्या डोक्यावर छप्पर नसलेलं आवडलं नसतं, हेही खरं. तिनं फेलिसितेकडे बघून हातानं खूण केली, वाजव.

फेलिसितेनं ढोलाच्या काठ्या खाली ठेवल्या.

ओनोरीननं पुन्हा खूण केली. या वेळी डोळे वटारून. फेलिसितेनं गळ्यातून ढोल काढला, वाळूत आडवा घातला आणि ती सरळ समुद्राकडे चालू लागली. गुडघाभर पाण्यात उभी राहिली, वाकली आणि ओंजळीनं तोंड धुऊ लागली. सकाळपासून जपलेली पांढरी फुलं दुधासारखी पाण्यात उतरली. मग नाचातल्या पोरी गेल्या. मग मांडवांतल्या बायका, म्हाताऱ्या, सगळ्या. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. तोंडं धुऊन आल्या तशा त्यांनी दोऱ्यांवरची कापडं काढायला घेतली. झरझर नाही, घडी घालून, नीट. बघता बघता वाट उघडी झाली आणि पलीकडची घरं दिसू लागली, तुटकी, ताडपत्रीची, जी जहाजाच्या दिवशी कोणालाच दिसत नसत.

पाहुणे गोंधळले. एकानं कॅमेरा उचलला आणि आर्सेननं त्याच्या कॅमेऱ्यावर हात ठेवला. त्यानं आपली टोपी काढली, चार वाक्यं बोलला, आणि लोकांना हळूहळू नावांकडे वळवलं. पलीकडच्या बेटाचं काय करायचं ते तो करणार होता, त्याची नोकरी होती ती. पण त्या घटकेला तो आईचा मुलगा होता.

लालबुंद म्हातारा शंख दोन्ही हातांत धरून तसाच उभा होता. आपल्या हातून काहीतरी भयंकर झालंय एवढं त्याला कळलं होतं. त्याच्या बायकोनं ते मोठं कापड घडी करून, वर हात फिरवून, जागच्या जागी ठेवलं. साइदी काठी टेकत पुढे आला आणि त्यानं शंख त्याच्याकडून दोन्ही हातांनी घेतला. मग आर्सेनला हाक मारली.

"त्याला सांग," साइदी म्हणाला, "चांगला वाजवला. माझ्यानं असा वाजला नसता."

आर्सेननं सांगितलं. साइदीनं एक बोट आपल्या सोबत्याच्या घराकडे दाखवलं. परक्यानं तिकडे तोंड करून मान खाली घातली आणि बायकोचा हात धरून नावेकडे गेला.

ओनोरीन घराकडे धावली. उंबऱ्याशी आल्यावर मात्र थांबली, आणि वाट द्यावी तशी जरा बाजूला झाली. मग आत जाऊन उशाशी बसली. अजून रडायचं नव्हतं, कोणी तरी येऊन विचारायला हवं होतं. तिनं दात आवळून धरले. तिला राग आला होता फेलिसितेचा. कोणी सांगितलं होतं हिला? पुन्हा सबंध पावसाळा ताडपत्रीखाली काढणार आहे का ही, पोरांना घेऊन?

दारात सावली पडली. फेलिसितेच्या तोंडावरून अजून खारं पाणी ओघळत होतं, केस सुटले होते, एका कानाजवळ पुसायचा राहिलेला पांढरा फराटा होता. मागे पुळणीपर्यंत बायका उभ्या होत्या, सगळ्या तशाच निथळत्या.

"ओनोरीन," ती म्हणाली, "बाबांचा ताप कसा आहे?"

ओनोरीननं तिच्याकडे पाहिलं. मग वडिलांच्या पायावर पांघरूण ओढलं.

"उतरला," ती म्हणाली, आणि फेलिसिते उंबरा ओलांडून आत यायच्या आधीच तिला रडू फुटलं.